घरच्या घरी करा भीमगीतांचे रेकॉर्डिंग

लोककवी वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले. शेवटच्या कडव्यात ते 'वामन' हे नाव गुंफत, म्हणून गाणे कुणाचे ते कळते. आपल्या शहाडच्या वस्त्यांतल्या जुन्या गायकांचे काय? शब्द वहीत राहतील, पण चाल फक्त गळ्यात आहे. गायक गेला की तीही गेली. स्टुडिओ परवडत नाही म्हणून थांबू नका, हातातला मोबाइल पुरेसा आहे.

आधी खोली शांत करा. उघड्या भिंतींत आवाज घुमतो, म्हणून गायकाच्या मागे व बाजूंना गोधड्या टांगा, खाली सतरंजी अंथरा. पंखा बंद ठेवा. कल्याण–कसारा मार्गावरच्या गाड्यांचा खडखडाट टाळायला रात्री उशिरा बसा आणि दोन गाड्यांच्या मधे एकेक कडवे घ्या.

मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकून तोंडापासून वीतभर लांब, किंचित बाजूला ठेवा. अगदी समोर ठेवल्यास 'प', 'भ'चा फटका बसतो. आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. एकदा फाटलेला आवाज नीट सुधारत नाही. फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा.

आधी ढोलकी-पेटी रेकॉर्ड करा, मग ती हेडफोनवर ऐकत गायन घ्या. दोन्ही जोडायला कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी मोफत मिळते. यूएसबी माइक नंतर, पैसे जमले की घ्या.

प्रत्येक गाण्याआधी कवी, गायक आणि तारीख बोलून नोंदवा. प्रती दोन ठिकाणी ठेवा. या रविवारी वस्तीतल्या एका आजीपासून सुरुवात करा.

जयभीम!