बीड जिल्ह्यातील मुस्लिम समाज आणि समूहसंवादाची भाषा

एकाने बोलावे व इतरांनी ऐकावे, ती सभा. दोन्ही पक्षांचे ऐकून पंचांनी निर्णय द्यावा, ती पंचायत. समूहसंवाद या दोहोंहून निराळा आहे. त्यात प्रत्येक उपस्थितास बोलण्याचा अधिकार असतो आणि निर्णयाइतकेच त्या निर्णयापर्यंत पोहोचण्याच्या वाटेलाही महत्त्व असते. मुस्लिम परंपरेला ही कल्पना परकी नाही. कुराणाच्या बेचाळिसाव्या सूरेचे नावच ‘शूरा’, म्हणजे परस्परांशी विचारविनिमय, असे आहे. मराठीत रुळलेल्या ‘सल्लामसलत’ या शब्दाचे दोन्ही घटकही मूळचे अरबीच होत. तथापि परंपरेत कल्पना असणे आणि व्यवहारात सर्वांना बोलता येणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. या दोहोंमधील अंतर पुष्कळदा भाषेमुळे पडते. बीड जिल्ह्याच्या संदर्भात हा मुद्दा विशेष विचारार्ह ठरतो.

२०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ असून तीत मुस्लिमांचे प्रमाण सुमारे १२ टक्के आहे. या समाजाचा भाषाव्यवहार सामान्यतः तीन पातळ्यांवर चालतो. घरात व मोहल्ल्यात दक्खिनी बोलली जाते. धर्मोपदेश, निमंत्रणपत्रिका व औपचारिक भाषण यांसाठी उर्दू योजली जाते. बाजार, तलाठी, तहसील व न्यायालय येथे मराठी चालते. दक्खिनीला उर्दूचे अशुद्ध रूप समजणे शास्त्रदृष्ट्या चुकीचे आहे. ‘लोगाँ’, ‘बाताँ’ अशी अनेकवचने, मराठी ‘नको’शी नाते सांगणारा ‘नक्को’ हा निषेध, आणि ‘मैंच’, ‘यहींच’ यांत दिसणारा मराठी निश्चयार्थक ‘च’, ही तिची लक्षणे शतकानुशतकांच्या सहवासातून घडलेली आहेत. परंतु बोलणाऱ्यांनाच आपली बोली सभेत न्यूनपणाची वाटते. परिणामी ज्यांना घोटीव उर्दू येते ते बोलतात आणि स्त्रिया, मजूर व मराठी माध्यमात शिकलेले तरुण गप्प बसतात. ही शांतता संमतीची समजली जाते. वस्तुतः ती भाषेच्या संकोचाची असते.

या स्थितीमागे इतिहास आहे. बीड हा हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता. तेथे उर्दू राज्यकारभाराची भाषा होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. बारा वर्षांच्या अवधीत कचेरीची भाषा पालटली. कालपर्यंत जे ज्ञान नोकरी व प्रतिष्ठा देत होते, त्याचे व्यवहारातील मूल्य ओसरले.

या पालटाचा परिणाम सामुदायिक मालमत्तेच्या प्रश्नात स्पष्ट दिसतो. मशीद वा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली ‘खिदमतमाश’ जमीन मराठवाड्यात अनेक ठिकाणी आहे. तिच्या हक्काचा जुना मुंतखब उर्दू-फारसी परिभाषेत, आजचा सातबारा मराठीत आणि तिच्याविषयीची गावातील तक्रार दक्खिनीत, अशी तिची त्रिभाषिक अवस्था असते. ज्या बैठकीत हे तिन्ही वाचून, उलगडून सर्वांच्या बोलीत सांगितले जात नाही, तेथे जमिनीसंबंधीचा निर्णय दोन-तीन जाणत्यांच्या हाती राहतो. समूहसंवादाचे बळ येथे प्रत्यक्ष मालमत्तेच्या रक्षणाशी जोडलेले आहे.

महाराष्ट्रात या दिशेने पूर्वी झालेले प्रयत्न बोधप्रद आहेत. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेऊन तोंडी तलाकाविरुद्ध दाद मागितली. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. ज्यांच्याविषयी इतर बोलत, त्यांनीच बोलावयास आरंभ केला, हे या घटनांचे महत्त्व होय. तथापि दलवाई हे चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. कोकणी मुस्लिमांची घरची बोली मराठीच्या कुळातील असल्याने सार्वजनिक मराठी आणि घरची वाणी यांत तेथे मोठी दरी नसते. मराठवाड्यात ती दरी असते. म्हणून तेथील संवादाला निराळी घडण द्यावी लागते. १९९० मध्ये सोलापूर येथून सुरू झालेल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनाच्या परंपरेने मुस्लिम अनुभवाला मराठी लेखनात व्यासपीठ मिळवून दिले; मोहल्ल्यातील मौखिक संवादाचे कार्य मात्र त्याहून वेगळे आहे.

या कामी पाउलो फ्रेरी या ब्राझिली शिक्षणतज्ज्ञाची पद्धती मार्गदर्शक ठरते. १९६३ मध्ये आंजिकोस येथे प्रौढ साक्षरतेचे वर्ग चालविताना त्यांनी प्रथम लोकांच्या बोलण्यातील भारलेले शब्द गोळा केले आणि त्या शब्दांवरच चर्चा उभी केली. बीडमध्ये असे शब्द शोधावयास दूर जावे लागत नाही. ‘मेहर’, ‘खिदमतमाश’, ‘दाखला’ हे शब्द आहेतच. आणि ऊसतोडीवर जाणाऱ्या कुटुंबांचे ‘उचल’ व ‘मुकादम’, तसेच पती-पत्नीच्या जोडीला एकच गणणारा ‘कोयता’, हेही आहेत. यांपैकी एकेका शब्दाभोवती पंधरा-वीस जणांचे मंडळ बसले, वक्त्याच्या बोलीची दुरुस्ती न करण्याचा नियम पाळला गेला, स्त्रियांचे मंडळ आरंभी स्वतंत्र ठेवले आणि इतिवृत्त शेवटी दक्खिनीत मोठ्याने वाचून दाखविले, तर न बोलणारेही बोलू लागण्याचा संभव वाढतो. ऊसतोडीच्या हंगामात बोलाविलेली बैठक मात्र स्थलांतरितांना वगळूनच भरते, याचेही भान ठेवावे लागेल.

असा संवाद समाजाला अंतर्मुख करून इतरांपासून तोडील, अशी शंका घेतली जाते. ३० मार्च २०२५ रोजी पहाटे गेवराई तालुक्यातील अर्धमसला येथे मशिदीत जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट घडविण्यात आला. अशा प्रसंगानंतर शांतता समितीच्या बैठका बोलाविल्या जातात आणि त्या आवश्यकही असतात. परंतु एरवी कधीच एकत्र न बोललेला समाज संकटाच्या दिवशी आपल्यातील कोणालातरी प्रतिनिधी म्हणून पुढे करतो. सर्वांच्या मनातील भय व अपेक्षा त्या एकाच्या तोंडून व्यक्त होतीलच, असे नाही. ज्याला घरात बोलण्याची सवय आहे, तोच वेशीवर नीट बोलतो.

मराठीत ‘आम्ही’ व ‘आपण’ असा भेद आहे: पहिल्यात ऐकणारा वगळला जातो, दुसऱ्यात तो सामावला जातो. दक्खिनीतही ‘हम’ आणि ‘अपन’ यांत असाच भेद आढळतो. बैठकीत ‘अपन’ म्हणणाऱ्याने त्या शब्दात कोणाकोणाला धरले आहे, हे अभ्यासकाने टिपून ठेवावे. मागच्या रांगेतील स्त्री, ऊसतोडीहून परतलेला मजूर आणि शेजारच्या आळीतील मराठीभाषक शेतकरी हे ज्या प्रमाणात त्या ‘अपन’मध्ये येऊ लागतील, त्या प्रमाणात संवाद सफल झाला, असे म्हणता येईल.