माशांच्या पेटीची घडवंची

पाण्याच्या घागरी जमिनीवर न ठेवता घडवंचीवर ठेवाव्यात, ही आपल्या घरांतली जुनी रीत. नळ आले, घागरी गेल्या आणि घडवंचीही माळ्यावर जाऊन पडली. परंतु ज्या घरात काचेच्या पेटीत मासे पाळण्याची हौस शिरते, त्या घरात घडवंचीचा प्रश्न नव्याने उभा राहतो. १९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले. काचेपलीकडचे पाण्यातले जग आपल्यापैकी अनेकांनी प्रथम तेथे पाहिले. पण त्या पेट्या कशावर उभ्या आहेत हे पाहण्याचे कुणाला कारण पडले नाही. घरी पेटी आणली म्हणजे मात्र पहिला विचार त्याचाच करावा लागतो.

कारण पाणी दिसते हलके, असते जड. एका लिटरचे वजन एक किलो. नव्वद सेंटीमीटर लांब, तीस रुंद आणि पंचेचाळीस उंच अशी मध्यम पेटी घेतली, तर तीत सुमारे १२० लिटर पाणी मावते. काच आणि तळाची वाळू धरून हा भार दीडशे किलोंच्या आसपास जातो. दोन धट्टेकट्टे गृहस्थ रात्रंदिवस एका मेजावर बसून राहिले आहेत, अशी कल्पना करा. शिवाय घरात मुले असतात; ती या मेजाला रेलणार, धक्के देणार, हेही गृहीत धरले पाहिजे.

तरीसुद्धा नुसत्या वजनाने लाकूड सहसा मोडत नाही. पाच सेंटीमीटर चौरस असा सागाचा आखूड खांब उभ्याने शेकडो किलो भार पेलू शकतो, आणि येथे प्रत्येक खांबाच्या वाट्याला फार तर चाळीस किलो येतात. घात होतो तो सांध्यांत. हौशी माणूस आडवी पट्टी खांबाच्या बाजूला ठेवून दोन स्क्रू मारतो आणि समजतो की काम झाले. मग सारा भार त्या दोन स्क्रूंवर लोंबकळत राहतो. ओल आली, लाकूड फुगले, आकसले, की स्क्रूभोवतीचे भोक सैल होऊ लागते. म्हणून वरची चौकट खांबांच्या माथ्यावर टेकली पाहिजे, किंवा खांबाला खाच पाडून तीत बसली पाहिजे. लाकडावर लाकूड टेकावे आणि भार सरळ जमिनीत जावा. आम्हां सरकारी नोकरांच्या भाषेत बोलायचे, तर भार ‘योग्य मार्गाने’ गेला पाहिजे. स्क्रूचे काम जोडून धरण्याचे, तोलून धरण्याचे नव्हे. हे पथ्य पाळले, तर ज्यांच्या नशिबी वरचेवर बदल्या आहेत त्यांचाही एक लाभ होतो: सरस न लावता केवळ स्क्रूंनी जोडलेली घडवंची सुटी करून नव्या गावी नेता येते.

चौकटीच्या लांब पट्ट्या आडव्या न ठेवता उभ्या कडेवर ठेवाव्यात. शाळेतली फूटपट्टी सपाट धरली तर बोटाने वाकते. कडेवर धरली तर वाकत नाही. पट्टीची उभी बाजू दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट होतो. दहा सेंटीमीटर उंचीची चांगली वाळलेली, गाठी नसलेली पट्टी या मापाच्या पेटीला पुरेशी आहे.

दुसरा शत्रू म्हणजे कलणे. चार खांब आणि वर चौकट एवढेच केले, तर बाजूने लोटताच सारा सांगाडा समांतरभुज चौकोनासारखा कलतो. मागच्या बाजूस एक अखंड प्लायवुड ठोकावे. दोन्ही अंगांना तसेच प्लायवुड किंवा तिरप्या पट्ट्या माराव्यात. ठोकण्यापूर्वी चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. ते सारखे भरले, तर कोन काटकोन आहेत असे समजावे. पेटी अरुंद असल्याने घडवंची पाऊण मीटरहून उंच करू नये, आणि वरच्या अंगाने ती भिंतीला पक्की करावी.

तिसरी गोष्ट पातळीची. काच वाकत नाही, ती तडकते. एक कोपरा दोनतीन मिलिमीटर खाली राहिला, तर पेटीला पीळ बसतो आणि तो सांध्यांवर येतो. वरची फळी रंधून सपाट करावी. उघड्या काचेच्या तळाची पेटी असेल, तर तिच्याखाली थर्मोकोलचा पातळ थर घालावा, म्हणजे वाळूचा एखादा खडा काचेला टोचत नाही. पाचर मारायचीच तर खांबाखाली मारावी, काचेखाली कधीही नाही. जुन्या घरात लाकडी जमीन असेल, तर पेटी भिंतीलगत, तुळयांना आडवी अशी ठेवावी.

पाणी सांडणारच, हे धरून सर्व बाजूंना व्हार्निशचे दोन-तीन हात द्यावेत. खांबांची खालची टोके विशेष जपावीत. कारण लाकूड तंतूंच्या टोकांतूनच पाणी अधिक शोषते.

शेवटची परीक्षा पाण्यानेच घ्यावी. मासे आणण्यापूर्वी पेटी थोडी भरावी आणि पाण्यापासून काठापर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांत मोजावे. पाण्याइतकी प्रामाणिक पाणसळ सुतारापाशीही नसते. अंतर सारखे नसेल, तर पेटी रिकामी करून खांबांखाली दुरुस्ती करावी. सारखे असेल, तर काठोकाठ भरून एक दिवस तशीच ठेवावी. सांधा करकरतो का, घडवंची हलते का, हे पाहावे. मगच त्या पाण्यात जीव सोडावेत. ते पाणी हेच त्यांचे सारे जग आहे, आणि ते सांडले तर त्यांना दुसरे नाही.