पावती मागायला लाजू नका

निम्मं आयुष्य मी भाड्याच्या घरांत काढलं. पावती मागणं म्हणजे भांडण उकरून काढणं, असं मानणारे शेजारी मला जागोजागी भेटले. मालक घर खाली करायला सांगेल, ही धास्ती!

पण पावतीला मोल आहे. ज्याला घरभाडे भत्ता मिळत नाही, अशा शिंप्याला किंवा दुकानदारालाही राहत्या घराच्या भाड्यापोटी, काही अटींवर, महिना जास्तीत जास्त ५,००० रुपयांची वजावट उत्पन्नातून मिळते. २०१६च्या अर्थसंकल्पापूर्वी ही मर्यादा २,००० होती. मात्र ही सवलत जुन्या करपद्धतीतच आहे.

मालकालाही सरकार विसरलेलं नाही. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यातले ३० टक्के, दुरुस्तीची बिलं न मागता, करातून सुटतात. मग पावती लपवायची कशाला?

जिचं उत्पन्न करापर्यंत पोचतच नाही, त्या धुणीभांडी करणाऱ्या बाईला यातलं काहीच मिळत नाही. तिला आधार पावतीचाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे घेतलेल्या भाड्याची लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. उद्या वाद झाला, तर तोच कागद तिच्या बाजूनं बोलेल.