सकाळच्या शोमधून सुटका

भारतात ॲनिमेशनपटांची चुरस स्टुडिओंमध्ये कमी आणि पडद्यांसाठी जास्त असते. पोस्टरवर डिस्ने, पिक्सार, युनिव्हर्सल किंवा सोनीचे नाव असते. पण कोणत्या मॉलमध्ये सकाळी दहाचा शो कोणाला आणि रात्री आठचा कोणाला, हे चित्रपटगृहांच्या साखळ्या ठरवतात. त्यांतली देशातली सर्वांत मोठी साखळी, पीव्हीआर आयनॉक्स, गुरुग्रामच्या डीएलएफ सायबर सिटीतून चालते. अजय बिजली यांच्या पीव्हीआरने १९९७ साली दिल्लीत साकेतच्या ‘अनुपम’ थिएटरचे मल्टिप्लेक्स करून सुरुवात केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयनॉक्स तिच्यात विलीन झाली. हे विलीनीकरण मार्च २०२२ मध्ये जाहीर झाले, तेव्हा दोन्ही साखळ्यांचे मिळून १५४६ पडदे होते.

पडदे एका हाती गेले की काय होते, हा प्रश्न गुरुग्राम परिसरात त्याआधीच उभा राहिला होता. डीएलएफ या बांधकाम कंपनीची डीटी सिनेमाज नावाची साखळी दिल्ली परिसरात आणि चंदिगडमध्ये होती. २०१५ साली पीव्हीआरने तिचे ३९ पडदे सुमारे ५०० कोटी रुपयांना घ्यायचे ठरवले. भारतीय स्पर्धा आयोगाने हा व्यवहार सरसकट मंजूर न करता तपशिलात तपासला. सिनेमाला निघालेला माणूस जवळच्या दोन-चार मॉलपलीकडे सहसा जात नाही, त्यामुळे देशभरात पडदे किती यापेक्षा एका शहरात ते कोणाच्या ताब्यात आहेत याला महत्त्व येते. शेवटी मे २०१६ मध्ये सात पडदे वगळून ३२ पडद्यांचा व्यवहार ४३३ कोटींना पार पडला.

बॉक्स ऑफिसचे आकडे वाचताना पैसा कुठून कुठे जातो, हे माहीत असावे लागते. उदाहरणार्थ, ३०० रुपयांचे तिकीट घ्या. शंभर रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी असतो. तो वजा केला की साधारण २५४ रुपये उरतात. यालाच धंद्यात ‘नेट’ म्हणतात. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात दोन महिने संप चालला. त्यानंतर ठरलेल्या सूत्राप्रमाणे हिंदी चित्रपटाच्या वितरकाला पहिल्या आठवड्यात नेटच्या ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के मिळतात. म्हणजे पहिल्या आठवड्यात ३०० रुपयांतले १२७ रुपये चित्रपटाच्या बाजूला जातात आणि चौथ्या आठवड्यात ७६. हिंदी सिनेमाचे आकडे बहुधा नेटमध्ये सांगतात, तर हॉलिवूडचे ग्रॉसमध्ये, करासकट. दोन्ही शेजारी ठेवून कोण जिंकले हे सांगणाऱ्या बातम्या त्यामुळे पुष्कळदा फसव्या असतात. भर म्हणजे वितरणाच्या जुन्या विभागणीत दिल्ली आणि उत्तर प्रदेश एका सर्किटमध्ये, तर हरियाणा पूर्व पंजाब सर्किटमध्ये मोडतो. मेट्रोने जोडलेल्या एकाच महानगराची कमाई अशी दोन खात्यांत विभागली जाते.

उतरत्या टक्केवारीचा दुसरा अर्थ असा की चित्रपट जितका जास्त टिकेल, तितका थिएटरचा वाटा वाढतो. मुलांचे सिनेमे खरे तर टिकणारे असतात आणि एका मुलामागे दोन-तीन तिकिटे खपतात. शिवाय पॉपकॉर्न आहेच. पीव्हीआर आयनॉक्सच्या २०२३-२४ च्या हिशेबात सरासरी तिकीट २५९ रुपयांचे होते आणि खाण्यापिण्यावर माणशी १३२ रुपये खर्च झाले होते. खाद्यपदार्थांच्या पैशात वितरकाचा वाटा नसतो. एवढे असूनही ॲनिमेशनपटाला वर्षानुवर्षे सकाळचे आणि दुपारचे शो मिळत आले. संध्याकाळ आणि रात्र हिंदी सिनेमाची, कारण तेव्हाच तिकीट सर्वांत महाग असते आणि मोठी माणसे मुलांशिवाय येतात. ‘कार्टून’ म्हणजे बच्चेकंपनीचे, हा समज वेळापत्रकात पक्का बसला होता.

तो मोडण्याची पहिली संधी एका मराठी माणसाच्या चित्रपटाने दिली. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ सालीच ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या पडद्यावर नाचवल्या होत्या, पण पूर्ण लांबीच्या भारतीय ॲनिमेशनपटाला तिकीट खिडकीवर यश मिळायला ऑक्टोबर २००५ उजाडला. व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ मोठ्या स्टुडिओच्या तुलनेत साधा होता, तरी चालला. त्यानंतर बड्यांना घाई झाली. यशराज आणि डिस्ने यांनी मिळून ‘रोडसाइड रोमिओ’ काढला. जुगल हंसराजचे दिग्दर्शन, सैफ अली खान आणि करीना कपूर यांचे आवाज, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण २४ ऑक्टोबर २००८ ला तो लागला आणि पाचच दिवसांत दिवाळीचे ‘गोलमाल रिटर्न्स’ आणि ‘फॅशन’ येऊन थडकले. कुत्र्यांच्या प्रेमकथेला चांगले शो उरणे कठीणच होते.

२०१२ च्या मे महिन्यातला योगायोग यापेक्षा बोलका आहे. १८ तारखेला ‘छोटा भीम अँड द कर्स ऑफ दम्यान’ लागला आणि २५ तारखेला यूटीव्ही-डिस्नेचा ‘अर्जुन: द वॉरियर प्रिन्स’. अर्णब चौधरी यांचा ‘अर्जुन’ देखणेपणात भारतीय ॲनिमेशनमध्ये आजही वरच्या रांगेत बसतो, आणि तो पडला. ‘छोटा भीम’ दिसायला टीव्हीसारखाच होता. पण पोगो वाहिनीमुळे तो २००८ पासून घराघरांत पोचलेला होता आणि मुलांनी हट्टच धरला. त्याच ऑक्टोबरात पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सने साकारलेला निखिल अडवाणींचा ‘दिल्ली सफारी’ आला. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, गल्ला नाही. चित्र चांगले असणे आणि चित्रपट चालणे यांचा भारतात फारसा संबंध नाही, असे निर्मात्यांनी ठरवून टाकले आणि बरेच जण पुन्हा टीव्हीकडे वळले.

तिकडे अमेरिकेत हीच लढाई जिवावर उदार होऊन चालली होती. डिस्नेतून बाहेर पडलेल्या जेफ्री कॅट्झनबर्ग यांनी १९९४ साली स्टीव्हन स्पीलबर्ग आणि डेव्हिड गेफन यांच्यासह ड्रीमवर्क्स काढली. १९९८ मध्ये तिचा ‘अँट्झ’ आणि पिक्सारचा ‘अ बग्ज लाइफ’ हे दोन मुंग्यांचे सिनेमे काही आठवड्यांच्या अंतराने आले. कल्पना कोणी कोणाची उचलली यावरून जाहीर भांडण झाले. कमाईत पिक्सारच्या मुंग्या दुपटीने पुढे गेल्या. २००६ मध्ये डिस्नेने पिक्सार ७.४ अब्ज डॉलरना विकत घेतली. युनिव्हर्सलच्या इल्युमिनेशनने वेगळी वाट धरली. पिक्सार एका चित्रपटावर २० कोटी डॉलरच्या घरात खर्च करत असताना इल्युमिनेशनने ७-८ कोटी डॉलरमध्ये पिवळे मिनियन बाजारात आणले आणि २०१५ चा ‘मिनियन्स’ एक अब्जाच्या पलीकडे गेला. हिशेबाच्या दृष्टीने या सगळ्या लढाईतली सर्वांत हुशार खेळी तीच.

भारतात या लढायांचे पडसाद क्षीण उमटत, कारण हे चित्रपट प्रामुख्याने महानगरांतल्या इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचे राहिले. गुरुग्रामच्या मॉलमध्ये इंग्रजी शो भरतो, रोहतक-रेवाडीत तो लावून उपयोग नसतो. हे समीकरण डिस्नेने २०१६ मध्ये बदलले. ‘द जंगल बुक’ अमेरिकेच्या एक आठवडा आधी, ८ एप्रिलला भारतात लागला. हिंदीत शेरखानला नाना पाटेकर, बघीराला ओम पुरी, बल्लूला इरफान खान आणि ‘का’ अजगराला प्रियांका चोप्रा. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ मालिका पाहिलेली पिढी आता आईबाप झाली होती, आणि त्या मालिकेतही शेरखानचा आवाज नानांचाच होता. चित्रपटाने सुमारे १८८ कोटी नेट कमावले. भारतात तोवर कोणत्याच हॉलिवूडपटाला एवढे जमले नव्हते. २०१९ च्या ‘द लायन किंग’मध्ये शाहरुख खान मुफासा आणि आर्यन खान सिंबा झाला, कमाई दीडशे कोटींच्या वर गेली. डिस्ने या दोन्हींना ॲनिमेशन म्हणत नाही. मात्र ‘लायन किंग’मध्ये कॅमेऱ्याने टिपलेला खरा शॉट एकच आहे, बाकी सगळे संगणकावरचे. तेव्हा त्याला ॲनिमेशनच म्हणायला हवे.

जपानी ॲनिमे दुसऱ्या दाराने आत आला. २०१९ मध्ये माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतातही लावावा म्हणून चाहत्यांनी ऑनलाइन अर्ज केला आणि त्यावर ५० हजारांहून जास्त सह्या पडल्या. पीव्हीआरच्या व्हीकाओ या उपक्रमाने तो ११ ऑक्टोबरला प्रदर्शित केला. प्रेक्षक आधी आणि वितरक मागून, असा हा उलटा क्रम होता. २०२३ मध्ये त्याच दिग्दर्शकाचा ‘सुझुमे’ पीव्हीआरनेच आणला आणि तो १० कोटींच्या आसपास गेला. मग सोनीने हात घातला. ॲनिमे दाखवणारी क्रंचीरोल ही सेवा सोनीने २०२१ मध्ये घेतली होती, त्यामुळे कोणत्या शहरात चाहते आहेत हे तिला आधीच माहीत होते. १२ सप्टेंबर २०२५ ला ‘डेमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल’ जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत लागला. काही थिएटरांत पहाटेचे शो लावावे लागले, आणि रात्रीचेही मिळाले. प्रेक्षक होते कॉलेजातली मुले आणि नोकरदार तरुण. बरोबर आईबाप नव्हते.

त्याच पावसाळ्यात वेळापत्रक उलटेपालटे करणारा चित्रपट मात्र देशी निघाला. अश्विन कुमार दिग्दर्शित ‘महावतार नरसिंह’ क्लीम प्रॉडक्शन्सने तयार केला आणि ‘केजीएफ’, ‘कांतारा’वाल्या होंबाळे फिल्म्सने २५ जुलै २०२५ ला आणला. पहिल्या दिवसाची कमाई जेमतेम पावणेदोन कोटी. आठवडाभर आधी आलेल्या यशराजच्या ‘सैयारा’ने बहुतेक पडदे व्यापलेले होते. पण तोंडी प्रसिद्धी झाली आणि शनिवार-रविवारी शो वाढले. १ ऑगस्टला ‘सन ऑफ सरदार २’ आणि ‘धडक २’ आले, तरी नरसिंह हलला नाही. थिएटरात भजने म्हणणाऱ्या, पडद्याला हात जोडणाऱ्या प्रेक्षकांचे व्हिडिओ फिरू लागले. आजी-आजोबांना घेऊन घरेच्या घरे आली. भारतातली नेट कमाई अखेर २५० कोटींच्या आसपास पोचली, त्यात मोठा वाटा हिंदी आवृत्तीचा. चेहऱ्यांचे हावभाव आणि पात्रांची चाल पाहिली तर पिक्सारच्या जवळपासही हे काम जात नाही. हिरण्यकशिपूच्या वधाची शेवटची पंधरा-वीस मिनिटे मात्र जमली आहेत, आणि लोक तेच बघायला पुन्हा गेले.

त्याच वर्षी चीनमध्ये जे घडले, ते याच जातीचे होते. जानेवारीत आलेल्या ‘न झा २’ने दोन अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला आणि जगातला सर्वाधिक कमाईचा ॲनिमेशनपट म्हणून २०२४ च्या ‘इनसाइड आउट २’ला मागे टाकले. ही कमाई जवळजवळ सगळी चीनमधली. न झा हा तिथल्या पुराणातला बालदेव. अभ्यासक त्याचे मूळ बौद्ध ग्रंथांमार्गे आपल्या कुबेरपुत्र नलकूबरापर्यंत नेतात. दोन्ही देशांत मोठ्या स्टुडिओंना हरवणारी गोष्ट प्रेक्षकाला आधीच पाठ होती. प्रह्लाद कोण आणि खांबातून कोण येणार, हे समजावण्यासाठी जाहिरातीवर एक रुपयाही खर्च करावा लागला नाही.

होंबाळे आणि क्लीमने विष्णूच्या दशावतारांवर २०३७ पर्यंत चालणारी सात चित्रपटांची मालिका जाहीर केली आहे. ‘महावतार परशुराम’ २०२७ साठी ठरला आहे. पावणेदोन कोटींची सुरुवात त्याला अर्थातच चालणार नाही. या वेळी पहिल्या दिवसापासून रात्रीच्या शोची अपेक्षा असेल, आणि सुटीतल्या बड्या हिंदी चित्रपटाशी त्यासाठी घासाघीस करावी लागेल.