भाजीवरील औषधांची तपासणी व नळींतील लेप

वाशिंद, शहापूर, मुरबाड या बाजूच्या बागाईतदारांस भेंडी परदेशीं धाडावयाची झाली कीं प्रयोगशाळेचा दाखला लागतो. त्यावर औषधांचीं नांवें व आंकडे असतात. ते कितपत भरंवशाचे मानावे, हें यंत्रांतील एका बारीकशा वस्तूवर बरेंच अवलंबून आहे. ती वस्तु म्हणजे नळीच्या आंतील लेप. २००३ सालीं युरोपांत आपल्या द्राक्षांत मेथोमिलचा अंश सांपडला, तेव्हांपासून या तपासणीस जोर आला. द्राक्षांपुरती तिची देखरेख मांजरी (पुणें) येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे असते.

या पद्धतीस ग्यास क्रोमॅटोग्राफी म्हणतात. जेम्स व मार्टिन या इंग्रज शास्त्रज्ञांनीं ती १९५२ सालीं प्रसिद्ध केली. भाजीच्या अर्काची वाफ करून ती हेलियमच्या झोतानें सुमारें ३० मीटर लांब व पाव मिलिमीटर पोकळीच्या नळींतून नेतात. आंतील लेपाची जाडी त्या पोकळीच्या हजाराव्या हिश्शाइतकी. जें औषध लेपांत अधिक विरघळतें तें मागें राहतें, इतर पुढें निघतात. बाहेर पडण्याच्या वेळेवरून नांव व उंचवट्यावरून प्रमाण ठरवितात. दोन औषधें एकाच वेळीं निघालीं, तर घोटाळा झालाच.

म्हणून लेप निवडावयाचा तो शोधावयाच्या द्रव्याच्या स्वभावास पाहून. तेलांत तेल मिसळतें, साखर मिसळत नाहीं. तोच न्याय येथें. साध्या सिलिकोनच्या लेपावर द्रव्यें बहुधा उकळण्याच्या क्रमानें निघतात. त्यांत शेंकडा ५ फेनिल घातलेला लेप बहुतेक प्रयोगशाळांत रोजच्या कामास असतो. पॉलिएथिलीन ग्लायकोलचा लेप मद्यार्क व सुगंधी द्रव्यें यांस उत्तम; परंतु सुमारें २५० अंशांवर तो बिघडतो, व पुष्कळ औषधांस त्याहून अधिक उष्णता लागते.

आतां डीडीटीचें उदाहरण घ्या. शेतींत तें वापरण्यास १९८९ पासून बंदी आहे, तरी जुना अंश मातींत वर्षानुवर्षें टिकतो. मूळ डीडीटींत ऑर्थो-पॅरा नांवाचा एक घटक असतो. आणि मातींत डीडीटी मोडून डीडीडी होतें. पहिला विपुल दिसल्यास अलीकडे फवारणी झाल्याचा संशय येतो. दुसरें दिसल्यास जुना अवशेष समजावा. ५ टक्के फेनिलच्या लेपावर हीं दोन्ही जवळजवळ एकदमच निघतात, व वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रासही त्यांचे तुकडे सारखेच दिसतात. बंदी मोडल्याचा आळ निरपराध शेतकऱ्यावर येण्यास एवढें पुरे! सायनोप्रोपिल-फेनिलच्या लेपावर तीं वेगळीं होतात. मात्र तेथें डीडीडी एंडोसल्फानच्या एका प्रकारास येऊन भिडतें. सर्वांस पुरेल असा लेप अद्याप झालेला नाहीं.

इमिडाक्लोप्रिडसारखीं औषधें या मार्गानें नीट जातच नाहींत. त्यांस द्रवाचें दुसरें यंत्र लागतें.

तेव्हां अहवालांत अनपेक्षित नांव आल्यास, तें भिन्न लेपाच्या दुसऱ्या नळीवर पडताळलें आहे काय, असें प्रयोगशाळेस लेखी विचारावें. नमुन्याचा उरलेला भाग गोठवून ठेवलेला असल्यास तोच पुन्हां तपासतां येतो.