तबकडीवर नाव एकाचं, आत यंत्र दुसऱ्याचं: विश्लेषणाचं एकक कसं निवडायचं?

रिसर्च क्वेश्चन लिहायला घेतला की आधी एक गोष्ट ठरवावी लागते: आपण नक्की मोजणार काय? यालाच विश्लेषणाचं एकक म्हणतात. व्याख्या पाठ करून हे फारसं कळत नाही, म्हणून स्विस घड्याळांचं उदाहरण घेऊ.

समजा, प्रश्न असा आहे: स्विस घड्याळ उद्योगात स्पर्धा किती? सोपा मार्ग म्हणजे ब्रँड मोजायचे. ब्रँड भरपूर, म्हणजे स्पर्धाही भरपूर. झालं उत्तर!

आता मागचं झाकण उघडून आत बघा. काटे फिरवणाऱ्या यंत्राला मूव्हमेंट म्हणतात. कित्येक ब्रँड ती स्वतः बनवत नाहीत, विकत घेतात. आणि यांत्रिक मूव्हमेंटचा सगळ्यात मोठा पुरवठादार अनेक दशकं एकच होता: ग्रेन्खेन शहरातली ईटीए. ही कंपनी स्वॉच ग्रुपची. ओमेगा, लाँजिन, टिसो हे ब्रँडही त्याच ग्रुपचे. म्हणजे ईटीएचे बाहेरचे ग्राहक हे तिच्या मालकाचे बाजारातले प्रतिस्पर्धी! एकक ‘ब्रँड’ ऐवजी ‘मूव्हमेंट’ केलं, तर तोच उद्योग एका पुरवठादारावर टेकलेला दिसतो.

हा फरक नुसता कागदावरचा नाही. २००२ मध्ये ईटीएने जाहीर केलं की जोडणी न केलेल्या मूव्हमेंटचे संच बाहेर विकणं ती टप्प्याटप्प्याने बंद करणार. हे संच घेऊन, जोडून विकणाऱ्या कंपन्यांच्या धंद्यावरच गदा आली. प्रकरण स्विस स्पर्धा आयोगाकडे गेलं आणि पुरवठा काही वर्षं चालू ठेवणं ईटीएला भाग पडलं. पुढे २०१३ च्या समझोत्यात तयार मूव्हमेंटचंही वेळापत्रक ठरलं. २००९ ते २०११ ची सरासरी आधार धरून २०१४-१५ मध्ये ७५ टक्के, २०१६-१७ मध्ये ६५ टक्के आणि २०१८-१९ मध्ये ५५ टक्के पुरवठा.

दरम्यान ला शो-द-फोंची सेलिटा उभी राहिली. ती पूर्वी ईटीएचेच संच जोडायची. ईटीए २८२४ या प्रसिद्ध मूव्हमेंटच्या रचनेवर पेटंटचं संरक्षण उरलं नव्हतं, त्यामुळे तशाच रचनेची एसडब्ल्यू२०० सेलिटाने स्वतः बनवली.

मग अवलंबन संपलं का? इथे एकक आणखी लहान करा. मूव्हमेंटची लय सांभाळते ती केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग. तिची मोठी उत्पादक निव्हारॉक्स-फार, आणि तीही स्वॉच ग्रुपचीच.

आता डेटाकडे या. निर्यातीच्या आकडेवारीत माल देशाबाहेर गेला तरच नोंद होते. ग्रेन्खेनची मूव्हमेंट जिनिव्हातल्या कंपनीने घेतली तर सीमा ओलांडलीच नाही, मग ती दिसणार कशी? म्हणजे ज्या व्यवहारात खरं अवलंबन आहे, तोच या डेटात गायब. अशा वेळी स्पर्धा आयोगाचे निर्णय, कंपन्यांचे वार्षिक अहवाल आणि मूव्हमेंटवरचे शिक्के वाचावे लागतात.

तुमच्या विषयावर हे करून बघा. सहज मिळणाऱ्या डेटाने तुमचं एकक परस्पर ठरवून टाकलंय का? तसं असेल तर प्रपोजल देण्याआधी एक पायरी खाली उतरा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. उत्तर बदललं, तर तुमच्या संशोधनाची सुरुवात बहुधा तिथूनच आहे.