मैदानातला जलसा आणि घरातला पडदा

या क्षणी मी एका बंद खोलीत बसून बोलत आहे आणि आपण आपापल्या घरी बसून ऐकत आहात. माझा शब्द आपल्यापर्यंत पोहोचतो. परंतु आपले हसणे, मान डोलावणे किंवा कंटाळून दिलेली जांभई यांपैकी काहीच माझ्यापर्यंत येत नाही. नभोवाणीवर बोलणाऱ्याला या एकतर्फी संभाषणाची सवय करून घ्यावी लागते. संगीताच्या बाबतीत मात्र हीच गोष्ट आली की मन साशंक होते. आवडत्या कलावंतांचा जलसा मैदानात जाऊन प्रत्यक्ष पाहिला काय आणि घरच्या पडद्यावर ऑनलाइन पाहिला काय, दोहोंत खरा भेद कोणता? घरी बसून पाहणाऱ्याच्या वाट्याला येते ते निव्वळ उष्टे, की त्यालाही स्वतःची अशी काही चव आहे? याच प्रश्नाचा विचार आज मी करणार आहे. तो माझ्या मनात उभा केला माझ्या धाकट्या बहिणीने.

ती कॉलेजात असल्यापासून 'कोल्डप्ले' या इंग्रज रॉक बँडची भक्त आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकणाऱ्या चार विद्यार्थ्यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत हा बँड उभा केला. गाणारा आणि पियानो वाजवणारा ख्रिस मार्टिन, गिटारवादक जॉनी बकलंड, बास गिटार सांभाळणारा गाय बेरीमन आणि ड्रम वाजवणारा विल चँपियन हे ते चौघे. त्यांचा पहिला संग्रह २००० साली निघाला. १९ नोव्हेंबर २०१६ रोजी ते मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर गाऊन गेले, तेव्हा माझी बहीण तेथे होती आणि आपल्या पायांनी चालत गेली होती. पुढे स्नायूंच्या विकाराने तिचे चालणे थांबले. २०२५ च्या जानेवारीत हे चौघे पुन्हा आले. १८, १९ आणि २१ तारखेला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आणि २५ व २६ तारखेला अहमदाबादेत त्यांचे जलसे झाले. तिकिटांसाठी देशभर जी झुंबड उडाली, तिच्यातून आमच्या हाती एकच तिकीट आले. चार-पाच तास गर्दीत काढणे तिच्या प्रकृतीला मानवणारे नव्हते. ती म्हणाली, "दादा, तू जा. आणि येताना माझ्यासाठी मनगटावरचा तो दिव्याचा पट्टा घेऊन ये."

त्याप्रमाणे २१ तारखेला मी नेरूळला गेलो. पाच दिवसांनी, प्रजासत्ताक दिनाच्या संध्याकाळी, अहमदाबादचा शेवटचा जलसा ज्या सेवेचे नाव त्या वेळी 'डिस्ने प्लस हॉटस्टार' होते, तिच्यावरून जसा घडत होता तसा देशभर दाखवला गेला. तो आम्ही दोघांनी घरी पाहिला. एकाच बँडचे एकाच दौऱ्यातले दोन जलसे, एक प्रत्यक्ष आणि एक पडद्यावर, असे एका आठवड्याच्या आत माझ्या अनुभवास आले. तुलना करावयास याहून चांगली संधी कोणती?

प्रथम मैदानाविषयी. रॉक संगीत म्हणजे गोंगाट, असे मानणारी मंडळी आपल्यांत आहेत. त्यांच्याशी वाद घालण्याचा माझा विचार नाही. एवढेच सांगतो की हे संगीत मुळातच विजेच्या साह्याने मोठे करण्यासाठी जन्मले आहे, आणि म्हणून ते केवळ कानांनी ऐकण्याचे नव्हे. बास गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. त्या स्वराची एक लाट हवेत आठ मीटरांहून लांब असते. प्रचंड ध्वनिक्षेपकांतून अशा लाटा येऊ लागल्या की त्या छातीच्या पिंजऱ्यावर आदळतात आणि पायांखालची भूमी बोलू लागते. नगाऱ्याशेजारी उभे राहून ज्याने आरती ऐकली आहे, त्याला मी काय म्हणतो ते सहज कळेल.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. प्रवेश करताच प्रत्येकाला मनगटावर बांधावयास एक पट्टा मिळतो. त्यात लहानसे दिवे असतात आणि ते आपल्या इच्छेने नव्हे, तर रंगमंचाकडून आलेल्या संकेतांनी पेटतात व विझतात. हा प्रकार या बँडने २०१२ सालच्या दौऱ्यात रूढ केला. गाण्याच्या ठेक्यावर हजारो मनगटे एकदम तांबडी होतात, एकदम निळी होतात, आणि आपण प्रेक्षक म्हणून आलो होतो ते देखाव्याचाच भाग होऊन जातो. गायक मध्येच थांबतो आणि उरलेली ओळ मैदान पुरी करते. आपल्या बैठकीतल्या गवयाला समेवर श्रोत्यांची मान हवी असते. येथे तीच देवघेव हजारोंच्या मापाने चालते.

परंतु खरे सांगायचे तर मला त्या चौघांचे चेहरे दिसले नाहीत. माझी जागा दूर होती. तेथून गायक बोटाच्या पेराएवढा दिसे. रंगमंचाचा एक फाटा प्रेक्षकांच्या मधोमध आणलेला असतो आणि मागच्यांसाठी एक छोटा चौथराही असतो. तरी बहुतेक वेळ मी आणि माझे शेजारी दोन बाजूंच्या महाकाय पडद्यांकडेच पाहत होतो. म्हणजे तिकीट काढून, प्रवास करून, आम्हीही अखेर पडदाच पाहत होतो!

ध्वनीचेही तसेच. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दीडशे मीटरांवर बसलेल्या माणसाला रंगमंचावरचा ठोका जवळजवळ अर्ध्या सेकंदाने उशिरा ऐकू येतो. पडद्यावरची काडी आधी पडते आणि आवाज मागाहून येतो. हे सावरण्यासाठी मोठ्या मैदानात मध्यावर ध्वनिक्षेपकांचे मनोरे उभारतात आणि त्यांतला आवाज मुद्दाम तेवढाच रोखून सोडतात, म्हणजे पुढून येणाऱ्या आवाजाशी त्याचा मेळ बसतो. तरीही टाळ्या वाजवणाऱ्या समुदायाचा ठेका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाटेसारखा घसरत जातो.

आता घरचा पडदा. अहमदाबादच्या स्टेडियमवर त्या संध्याकाळी एक लाखाहून अधिक माणसे जमली होती. अनेक कॅमेरे त्यांच्यामधून आणि रंगमंचावरून चित्रे टिपत होते. गाण्याचा आवाज मैदानातल्या हवेतून फिरून न येता वाद्यांवरून आणि गायकाच्या मायक्रोफोनवरून थेट घेतलेला होता आणि त्यात समुदायाचा कल्लोळ बेताने मिसळला होता. म्हणून तो स्वच्छ होता. प्रत्येक वाद्य वेगळे ओळखू येत होते. चित्र आणि ध्वनी यांचे मग बारीक तुकडे करतात, ते दाबून लहान करतात आणि जागोजागीच्या यंत्रांवरून घरोघर पोहोचवतात. या खटाटोपात काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही जातो. येथे आपल्या जुन्या नभोवाणीची एक थोरवी सांगितल्यावाचून राहवत नाही. रेडिओच्या लहरी अहमदाबादेहून मुंबईस सेकंदाच्या सहस्रांशाच्या दीडपट काळात येतील. तेवढ्या वेळात ध्वनी त्या मैदानात जेमतेम अर्धा मीटर पुढे सरकला असेल! थेट नभोवाणी ऐकणारा मुंबईकर मैदानातल्या शेवटच्या रांगेपेक्षा आधी ऐकेल. इंटरनेटने चित्र दिले. पण तत्परतेत ते मागेच राहिले.

घरच्या लहान ध्वनिक्षेपकातून तो छातीवरचा आघात मात्र येत नाही. खालचे स्वर तेथे नाहीसेच होतात. आपला मेंदू वरच्या स्वरांवरून ते कल्पनेने भरून काढतो. पण हे उणेपण अजून दुय्यम आहे. मुख्य उणेपण असे की आपली टाळी पोहोचत नाही. या बँडनेही हे दुसऱ्या बाजूने अनुभवले असले पाहिजे. २२ नोव्हेंबर २०१९ रोजी जॉर्डनमधील अम्मानच्या प्राचीन गढीवरून त्यांनी सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला वादन केले आणि ते जगाने यूट्यूबवर पाहिले. समोर स्टेडियम नव्हते, उघडे आकाश होते. १६ मार्च २०२० रोजी, महामारीने दारे बंद झाली असता, ख्रिस मार्टिन आपल्या पियानोपाशी एकटाच बसून इंटरनेटवरून गायिला. ऐकणारे असंख्य होते आणि खोलीत टाळी एकही नव्हती.

आता घरी काय घडले ते सांगतो. नेरूळहून मी परतलो तो रिकाम्या हातांनी. ते पट्टे पुन्हा वापरण्यासाठी जाताना परत द्यावयाचे असतात आणि कोणत्या शहराने किती टक्के परत केले तेही तेथे पडद्यावर दाखवतात. मी माझा पट्टा पेटीत टाकला आणि बहिणीसमोर ओशाळून उभा राहिलो. ती हसली, पण क्षणभर तिचा चेहरा उतरला तो मी पाहिला.

२६ तारखेच्या संध्याकाळी आम्ही खोलीतले दिवे मालवून बसलो. मध्येच ती म्हणाली, "दादा, तो पियानोवर डावा हात कसा ठेवतो पाहिलास? आणि ड्रमवाला गातोसुद्धा! तुला तिथून दिसलं होतं का हे?" मला दिसले नव्हते. गाण्यापूर्वी चौघे एकमेकांकडे कसे पाहतात, चुकले तर कोण हसतो, हे मी मैदानात असून मला ठाऊक नव्हते. ते सारे तिने मला दाखवले. पुढच्या गाण्याला समुदायाची मनगटे पेटली. ती म्हणाली, "आता तू सांग. आत असताना कसं वाटतं?" मी सांगू लागलो. छातीवर ठोका कसा बसतो ते तिच्या खुर्चीच्या पाठीवर तळहाताने वाजवून दाखवले. अनोळखी शेजाऱ्याने माझ्या खांद्यावर हात कसा ठेवला, तेही सांगितले. ती डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "हां, आता झाला पुरा."

श्रोतेहो, माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले. मैदानातला माणूस समुदायात विरघळतो आणि म्हणून बारकावे गमावतो. घरातला माणूस बारकावे मिळवतो आणि समुदायाला मुकतो. अर्धे अर्धे दोघांच्याही पदरी असते. घरी पाहणाऱ्याचे खरे दुःख अंतराचे नसून एकटेपणाचे आहे. आणि अंतर आपल्या हाती नसले तरी एकटेपणा पुष्कळसा आपल्या हाती असतो.

म्हणून दोन शब्द व्यवहाराचे. ज्याला जाता येते त्याने अवश्य जावे. पण फोनमधून चित्रे टिपत बसू नये, कारण तसली चित्रे आपल्याहून चांगली कोणीतरी टिपतच असतो. कानांची काळजी घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा जलशांसाठी सरासरी १०० डेसिबलांची कमाल मर्यादा सुचवली आहे. कानात घालावयाची साधी बोळकी खिशात असू द्यावीत. आणि ज्याला जाता येत नाही त्याने जलसा चालू असतानाच पाहावा, मागाहून तुकड्यातुकड्यांनी नव्हे. फोनच्या आवाजावर भागवू नये. बरा ध्वनिक्षेपक जोडावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेजारी कोणीतरी बसवावे. आपली टाळी अहमदाबादेस गेली नाही, तरी निदान शेजारच्या खुर्चीपर्यंत तरी जावी.

आणि जो कोणी जाऊन आला असेल, त्याच्यावर एक ऋण राहते. घरी जो थांबला होता त्याला ते सारे सावकाश सांगावे. पट्टा परत द्यावा लागतो. आठवण द्यावी लागत नाही.